ठोकळा : जाड पिक्सेल देवनागरीच्या कामाच्या नोंदी

४ मे

नव्या पिक्सेल फॉन्टची जाळी ठरली, म्हणजे देवनागरी अक्षरं ज्या चौकोनी ठिपक्यांवर काढायची ती. एकूण २० ओळी : शिरोरेघेच्या वर ५, शिरोरेघ २, अक्षराचं अंग ९ आणि खाली उकारासाठी ४. फॉन्टच्या फाइलमध्ये एका एमचे (अक्षराच्या पूर्ण उंचीच्या मापाचे) १००० एकक धरलेत, म्हणजे एक पिक्सेल बरोबर ५० एककांचा चौरस. भागाकार पूर्ण जायला हवा, नाहीतर पुढे प्रत्येक अक्षरात अपूर्णांक घुसतात आणि कडा धुरकट होतात. उभ्या रेघेची जाडी २ पिक्सेल. कामचलाऊ नाव ‘ठोकळा’.

गिऱ्हाइकं दोन. कॉलेजातली काही पोरं मराठी गेम करताहेत, जुन्या व्हिडिओ गेमच्या धाटणीचा. त्यांना संवादांसाठी मराठी अक्षर हवंय. दुसरं काम वाळवा तालुक्यातल्या एका दूध संस्थेचं. सभासदाने दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर आणि रक्कम एलईडीच्या फलकावर दिसावी आणि तीच माहिती हातातल्या पावतीवर छापून यावी. संस्थेच्या सचिवअण्णांची अट एकच : “चष्मा न लावता, गाडीवरनं उतरायच्या आत दिसलं पायजे.”

ही अट मला आवडली. फॉन्ट ‘रेट्रो दिसावा’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तो कुठून आणि कोणी वाचायचा हे सांगणारे थोडे.

९ मे

जुनी अक्षरं मोठी करून, पिक्सेल मोजत बसलो.

ॲटारीच्या १९७६ च्या ‘क्विझ शो’ या खेळातलं ८ बाय ८ चं अक्षर. पुढे नामको या जपानी कंपनीने ते उचललं आणि नाणं टाकून खेळायच्या बहुतेक आर्केड यंत्रांवर तेच दिसू लागलं. प्रत्यक्ष अक्षर ७ बाय ७, उरलेली एक आडवी ओळ आणि एक उभी रांग मोकळी, शेजाऱ्यापासून अंतर म्हणून. उभ्या रेघा २ पिक्सेल, आडव्या १. हा असमतोल हौसेचा नाही. जुन्या ट्यूबच्या पडद्यावर किरण आडवा धावतो. आडवी रेघ म्हणजे ओळीने पेटलेले ठिपके, ती आपोआप ठळक दिसते. उभी रेघ म्हणजे प्रत्येक ओळीत क्षणभर पेटून विझणारा एकुलता ठिपका; तो फिका पडतो, रंगीत पडद्यावर त्याच्या कडेला भलतेच रंग फुटतात. म्हणून उभ्याला दुप्पट वजन.

सुझन केअर यांचा शिकागो फॉन्ट, ॲपलच्या १९८४ च्या मॅकिन्टॉश संगणकासाठी केलेला. पडदा ५१२ बाय ३४२, काळा आणि पांढरा एवढेच रंग, राखाडी नाहीच. मेन्यूतला बंद पर्याय दाखवायचा तर अक्षरातला एकाआड एक पिक्सेल गाळायचा, आणि तरीही शब्द वाचता यायला हवा. शिकागो त्या गळतीतूनही तगतो, कारण उभ्या रेघा इथेही दुहेरी आहेत. २००१ मध्ये पहिल्या आयपॉडच्या लहानशा पडद्यावर तोच परत आला. नॉस्टॅल्जिया वगैरे नंतर. लहान पडद्यावर तो वाचता येत होता, एवढं कारण पुरेसं होतं.

तिसरा झुझाना लिच्को यांचा एम्परर, १९८५ च्या सुमाराचा. दोन पिक्सेल काळे, एक पांढरा, हे प्रमाण पक्कं धरून उंच-बुटके सगळे आकार काढलेत. याच्याकडे सगळ्यात जास्त वेळ पाहिलं. इथे पांढऱ्या फटीची रुंदी आधी ठरलीय आणि काळं तिच्या भोवती बसवलंय.

ठोकळ्यातही हाच क्रम ठेवणार. जाड करायचं म्हणून बारीक अक्षराच्या कडेला पिक्सेल चिकटवत गेलं की देवनागरीची पोटं पटापट बुजतात. आधी आतली पांढरी जागा आखायची, मग रेघ.

१५ मे

नऊ ओळींचं गणित. शिरोरेघेखाली एक ओळ मोकळी, मग दोन ओळींची आडवी रेघ, परत एक मोकळी, परत दोन. असं तीनदा केलं की ९ ओळी संपल्या. म्हणजे आडव्या रेघाही दुहेरी ठेवल्या तर कुठल्याही अक्षराला शिरोरेघेखाली जास्तीत जास्त तीन आडवी वळणं मिळतात, आणि तीही श्वास कोंडून.

न, ग, त, र यांना काही अडचण नाही. प, म, य हेही आनंदात. पण इ ला तीन वळणं आणि शिवाय शेपूट. ह तसाच. झ, ङ, क्ष, ज्ञ तर विचारूच नका. रोमनच्या मोठ्या अक्षरांत सगळ्यात गर्दीचं अक्षर E किंवा B. त्यातही आडव्या रेघा तीनच. आर्केडवाल्यांचं ७ ओळींत भागलं ते त्यामुळे. आपल्याकडे गर्दीची अक्षरं अपवाद म्हणून येत नाहीत. ‘आहे’ शिवाय मराठी वाक्य संपत नाही.

निर्णय : जाडी उभ्या रेघांत. आडवी वळणं १ पिक्सेलची. शिरोरेघ तेवढी २.

बोरूने लिहिलेल्या देवनागरीत जाड-बारीक कुठे पडतं हे ज्यांच्या हाताला माहीत आहे त्यांना हे खटकेल. बोरूचा कट रोमनच्या टाकाच्या उलट असतो, त्यामुळे जाडीही उलट बाजूला उतरते, आणि आडव्या फराट्यांना चांगलं वजन मिळतं. ठोकळ्यात मी ते सोडतोय. जाळीला तिरका कट कळत नाही, आणि बोरूचा भास आणायला गेलो की अक्षर जाळीचंही राहत नाही, बोरूचंही होत नाही.

१६ मे

क : डावं पोट २, फट २, दंड २, फट २, उजवं वळण २. एकूण १० पिक्सेल रुंद. हे माप आता सगळ्या संचाचा गज.

२४ मे

सारख्या दिसणाऱ्या जोड्या. व-ब, प-ष, घ-ध, म-भ.

व च्या पोटात ३ रुंद, ५ उंच अशी पांढरी जागा आहे. ब साठी त्यात तिरकी रेघ मारली तर पांढऱ्याचे दोन फुटके त्रिकोण उरतात आणि हातभर अंतरावरून सगळं एक राखाडी डबकं दिसतं. तिरकी रेघ काढून मधोमध एक आडवा पिक्सेलपट्टा टाकला : वर दोन ओळी पांढऱ्या, खाली दोन ओळी पांढऱ्या. पुस्तकी ब पेक्षा वेगळा, पण व पासून तो लांबूनही सुटा दिसतो. ष चं पोट उंच आहे, तिथे पट्ट्याला एक पायरी देता आली, त्यामुळे तिरकेपणाची आठवण राहिली.

ध आणि भ ची खरी ओळख म्हणजे शिरोरेघेतली मोकळी जागा. जाड शिरोरेघेत १ पिक्सेलची फट कुणाला दिसत नाही, २ ची शंका येते. ३ ठेवली. आता ‘मध’ आणि ‘मघ’ वेगळे वाचता येतात. ‘घर’ आणि ‘धर’ पण.

तिरक्या रेघांचा आणखी एक त्रास फाइलमध्ये होतो. दोन चौरस फक्त कोपऱ्याला कोपरा लावून उभे असले, तर त्यांची बाह्यरेषा एका बिंदूत टेकते. फॉन्टचं सॉफ्टवेअर ते कधी एक धरतं, कधी दोन; काही आकारांना पडद्यावर मधे केसाएवढी फट दिसते. व्हिनाइल कापणाऱ्या यंत्रावर तर तुकडा सुटून हातात येतो. म्हणून नियम : एकाच रेघेतले शेजारी पिक्सेल बाजूने चिकटलेले हवेत, नुसत्या कोपऱ्याने नाही. यामुळे तिरक्या रेघा पायऱ्यांच्या झाल्या आणि खरं सांगायचं तर ठोकळ्याचा चेहरा तिथेच घडला.

३१ मे

शिरोरेघेच्या वरचा मजला. ५ ओळी.

चाचणीचे शब्द दूध संस्थेच्या वहीतून घेतले : म्हैस, फॅट, सर्व, वर्षीं, कॅन, नोंद, किटली. ‘म्हैस’ मध्ये है च्या दोन मात्रा. दोन्ही दुहेरी जाडीच्या, मधे १ पिक्सेल फट, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढणाऱ्या. बसल्या, पण जेमतेम. अनुस्वार २ बाय २ चा ठोकळा, शिरोरेघेपासून एक ओळ वर; म्हणजे ३ ओळी खर्च. रफार आणि अनुस्वार एकत्र आले की एकावर एक रचायला जागाच नाही, म्हणून अनुस्वार रफाराच्या उजव्या कुशीत. छापील पुस्तकातही तो तिथेच जातो, तेव्हा ही तडजोड म्हणता येणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ ‘फॅट’ ने खाल्ला. चंद्राची वाटी ६ रुंद, ३ उंच. तळ एक पिक्सेलचा केला तर कडा आणि तळ वेगळे पडतात, दोन पिक्सेलचा केला तर वाटी भरून जाते. शेवटी तळ दुहेरी आणि कडा एक ओळ उंच केल्या. हा शब्द त्या फलकावर सकाळ-संध्याकाळ झळकणार आहे, त्याला लाड करून घ्यायचा हक्क आहे.

ऱ्हस्व वेलांटी तीन रुंदींत काढली. र वरची आखूड, क वरची मध्यम, ज्ञ सारख्यावर लांब. पुढच्या अक्षराची रुंदी बघून योग्य ती आपोआप निवडली जाईल असं फाइलमध्ये लिहिलंय. एकच वेलांटी सगळीकडे ठोकणारे फॉन्ट पाहिले की ‘रि’ मध्ये टोपी उडून शेजारच्याच्या डोक्यावर गेलेली दिसते.

८ जून

आज काढणं कमी, जोडणी जास्त.

देवनागरी फॉन्टमध्ये नुसती चित्रं असून भागत नाही. र, पायमोडका आणि म असं टंकलं की रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यायचा, वेलांटी मागे सरकवायची, जोडाक्षर बदलायचं, हे सगळं फॉन्टमधल्या नियमांनी आणि हार्फबझसारख्या, अक्षरं जुळवणाऱ्या इंजिनाने मिळून करायचं असतं. ठोकळ्यात एक जादा शिस्त : वरखालची चिन्हं सरकवताना प्रत्येक सरकणं ५० च्या पटीतच हवं. नाहीतर मात्रा अर्ध्या पिक्सेलवर बसते आणि तेवढीच धुरकट दिसते. एखाद्या स्वच्छ ओळीत एकच मात्रा गढूळ असली की नजर तिथेच अडकते.

मराठीची खास कामं. पाकळ्यांचा ल : तीन उभे, एक दंड, ११ पिक्सेल रुंद. मराठी वळणाचा श. हे दोन मूळ रूपात ठेवलेत; हिंदी वळणाची रूपं भाषा हिंदी असेल तेव्हाच येतात. बहुतेक फॉन्टांत उलट असतं, आणि आपण ते निमूट वापरतो.

ळ आहेच. ॲ आणि ऑ आहेत. शिवाय अर्धा र, जो ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कुऱ्हाड’, ‘गोऱ्हा’ यांत लागतो. यूनिकोडमध्ये त्यासाठी ०९३१ क्रमांकाचा ऱ आणि पायमोडका वापरतात. पोरांच्या गेममध्ये समुद्राचा दर्या आहे आणि डोंगरातल्या दऱ्याही आहेत, त्यामुळे हे रूप नसतं तर कथाच बुडाली असती. जाळीत ते ४ पिक्सेलचं आहे : शिरोरेघेपासून सुटलेली, मधल्या उंचीवरची जाड आडवी रेघ आणि डावीकडे खाली वळलेला एक दात.

१२ जून

उभी जोडाक्षरं : ट्ट, ड्ड, द्ध, द्व, ह्म. नऊ ओळींत दोन अक्षरं एकावर एक रचणं या जाडीत अशक्य. ट्ट आणि ड्ड ला सरळ पाय मोडून शेजारी ठेवलं. द्ध, द्य, द्व, ह्य, ह्म, त्त, क्त, श्र, क्ष, ज्ञ, त्र आणि ष्ट्र एवढ्यांना स्वतंत्र चित्र दिलं, खालच्या ४ ओळी उसन्या घेऊन. ‘महाराष्ट्र’ मोडून लिहिला तर कोणी माफ करणार नाही. ‘लठ्ठ’ मोडला तर चालेल.

रोमन मोठी अक्षरं आणि अंक ११ ओळींचे, शिरोरेघेच्या माथ्यापासून अंगाच्या तळापर्यंत. अर्ध्या दिवसात झाले. रोमन किती सोपं आहे याचा हेवा वाटण्यापलीकडे त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

२१ जून

गेममध्ये बसवून पाहिलं. पोरं गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरतात. त्याच्या ४ थ्या आवृत्तीत हार्फबझ आतच आहे, त्यामुळे रफार-वेलांट्या जागच्या जागी. जुन्या आवृत्तीत मराठी फुटत असे.

त्यांचा पडदा ३२० बाय १८०. संवादाच्या चौकटीत तीन ओळी म्हणजे ६० पिक्सेल, पडद्याचा तिसरा हिस्सा. रुंदीत साधारण तीसेक अक्षरं. पोरांचं म्हणणं, “दादा, हे फार मोठं होतंय, १५ करू या ना?” करू नका. फॉन्ट २० ला नेटका दिसतो, ४० ला दिसतो, ६० ला दिसतो. १५ ला प्रत्येक पिक्सेल पाऊण होतो आणि गणकयंत्र ती उरलेली पाव कड राखाडी करून टाकतं. शिवाय चित्र गुळगुळीत करणारं फिल्टर बंद ठेवायचं, कडा मऊ करण्याची सोय बंद ठेवायची. पॅकमॅनचा पडदा २२४ बाय २८८ होता, ८ च्या चौकटींत बरोबर २८ बाय ३६. तिथे अक्षरं आणि भिंती एकाच जाळीत आहेत, म्हणून सगळं एका हातचं वाटतं. यांच्याही गेमची चित्रं २० च्या पटीत आखली तर तेच साधेल.

संवाद कमी करायला सांगितलं. दोन ओळींत मावत नाही ते गावकरी बोलत नसतो.

५ जुलै

एलईडी फलक. बाजारात सगळीकडे मिळतं ते पी-टेन पॅनेल : ३२ बाय १६ ठिपके, दोन ठिपक्यांत १० मिलिमीटर, म्हणजे ३२० बाय १६० मिलिमीटरची पाटी. चार शेजारी लावली की १२८ बाय १६, सव्वा मीटरभर लांब. दुकानावर ‘स्वागत आहे’ सरकत असतं ते हेच.

आणि तिथलं मराठी वाईट का दिसतं, ते आज नीट उलगडलं. फलकाला अक्षर पुरवणारं मोबाइल ॲप फोनमधला नेहमीचा गुळगुळीत फॉन्ट घेतं, १६ ओळींत दाबतं आणि अर्ध्याहून जास्त भरलेला चौरस पेटवतं, बाकीचे विझवतं. एवढंच. त्यात वेलांटीचा कमान-भाग दोन ठिकाणी तुटतो, अनुस्वार कधी उरतो कधी गळतो, भ चा म होतो. दोष त्या ठिपक्यांचा नाही. त्या ठिपक्यांसाठी अक्षर कोणी काढलेलंच नसतं, नुसतं आकसवलेलं असतं. आकाराने लहान जाळी हा काही नवा प्रश्नही नाही. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड डॉसच्या संगणकात खोचलं की पडद्यावर देवनागरी उमटायची, तीही अशाच ठिपक्यांच्या जाळीत.

२० ओळींचा ठोकळा १६ त मावत नाही. कापून मावणारही नाही. नवीन कट, म्हणजे वेगळ्या मापाची आवृत्ती काढायची : वर ४, शिरोरेघ १, अंग ८, खाली ३.

शिरोरेघ एकेरी का, तर एलईडी कागदासारखी वागत नाही. पेटलेला ठिपका आपल्या जागेबाहेर प्रकाश सांडतो. सलग पेटलेली आडवी ओळ सगळ्यात जास्त भडकते; दुहेरी शिरोरेघ रात्री ट्यूबलाइटसारखी दिसली आणि खालची अक्षरं तिच्यात विरघळली. उलट, दोन रेघांमधला एक काळा ठिपका संध्याकाळी गायबच होतो. म्हणून या कटमध्ये उभ्या रेघा २, पण मधली काळी जागाही किमान २. पिक्सेल मोजले तर हा कट २० ओळींच्या ठोकळ्यापेक्षा हलका आहे. फलकावर तो जास्त जाड दिसतो.

फलकाच्या कंट्रोलरमध्ये जोडाक्षरं जुळवणारं इंजिन नसतं. त्याला नुसती चित्रं कळतात. आपल्याला शब्द मोजकेच लागणार : सभासद, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम, गाय, म्हैस, सकाळ, सायंकाळ. ते तयार चित्रं म्हणून भरून ठेवायचे. १२८ बाय १६ चा पूर्ण पडदा २५६ बाइटांत मावतो, जागेची चिंता नाही. अंक तेवढे सुटे.

१९ जुलै

फलक दोन ओळींचा झाला, वर नाव, खाली आकडा. संस्थेच्या ओट्यावर तात्पुरता टांगला आणि संध्याकाळच्या दुधाला थांबलो.

आकड्यांचं महत्त्व इथे कळतं. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, म्हशीचा ६ आणि ९ धरून, आणि दरपत्रकात फॅट ०.१ ने सरकली की दर सरकतो. माणसं विचारतात ते “दूध किती झालं” नव्हे, “फॅट किती लागली?” ३.३ आणि ३.६ मधला फरक म्हणजे दहा दिवसांच्या बिलात दिसणारे पैसे. आणि देवनागरीत ३ आणि ६ ही एकमेकांची आरशातली रूपं! लांबून दोन्हींच्या पोटातली फट बुजली की उरतो नुसता दोन गाठींचा उभा आकार.

म्हणून ३ ची डावीकडची आणि ६ ची उजवीकडची उघडी तोंडं ३ ठिपके केली, बाकी अंकांत ती २ आहेत. १ आणि ९ दोघांनाही गोल आणि शेपूट. १ ची शेपूट सरळ खाली सोडली, ९ ची उजवीकडे वळवली. ४ आणि ५ एकमेकांपासून लांबच आहेत, त्यांना हात लावला नाही. सगळे अंक ८ ठिपके रुंद, म्हणजे आकडा बदलला तरी दशांशचिन्ह जागचं हलत नाही. दशांशचिन्ह २ बाय २, दोन्ही बाजूंना २ काळे.

इंग्रजी अंक घ्यावेत का, असं सचिवअण्णांना विचारलं होतं. यंत्रांवर तेच असतात, पोरांना तेच सवयीचे. अण्णा म्हणाले, “पोरं दूध घालाय येत न्हाईत.” विषय मिटला.

एका आजींनी फलक बघून पहिली शंका काढली ती अक्षराची नव्हतीच. “एवढं मोठं कशाला? सगळ्या गावाला माझी फॅट दिसंल की.” याला फॉन्टमध्ये उपाय नाही. आता आकडा काही सेकंदांनी पुसला जातो.

२ ऑगस्ट

पावती. ५८ मिलिमीटरचा थर्मल कागद, छपाईची रुंदी ३८४ ठिपके, मिलिमीटरला ८. ठोकळ्याचा एक पिक्सेल २ बाय २ ठिपक्यांचा धरला की ओळ १९२ पिक्सेलची होते, त्यात १८-१९ अक्षरं. उंची ४० ठिपके, बरोबर ५ मिलिमीटर. हातात धरून वाचायला छान.

पण शिरोरेघेने इथेही खोडी काढली. थर्मल प्रिंटरचं डोकं एका वेळी एक आडवी ओळ तापवतं. रोमन मजकुरात त्या ओळीतले थोडेच ठिपके काळे असतात. देवनागरीत शिरोरेघ आली की जवळजवळ संपूर्ण रुंदी एकदम तापवावी लागते, ती पण दुहेरी शिरोरेघ असेल तर सलग चार वेळा. बॅटरीवरचं छोटं यंत्र तिथे दम खातं : कागद अडखळतो, रेघ मधे फिकी पडते. पावतीसाठी शिरोरेघ १ पिक्सेलची केली, आणि शब्दांमधली जागा ४ वरून ६. अडखळणं थांबलं.

म्हणजे शिरोरेघेची जाडी तिन्ही ठिकाणी वेगळ्या कारणाने ठरली. गेममध्ये ती २ आहे कारण तिथे तिला कोणी अडवत नाही.

१७ ऑगस्ट

रुपयाचं चिन्ह राहिलं होतं. उदय कुमार यांनी केलेलं, २०१० मध्ये स्वीकारलेलं. त्याची कल्पनाच र आणि शिरोरेघेवर उभी आहे, त्यामुळे आपल्या जाळीत ते परक्यासारखं वाटत नाही. वरची रेघ शिरोरेघेच्या जाडीची, मग २ ओळी मोकळ्या, मग १ ची दुसरी रेघ. खालचा तिरका पाय पायऱ्यांचा. एलईडी कटमध्ये दोन आडव्या रेघा एकमेकींत सांडतात, म्हणून तिथे वरची उजवीकडे एक ठिपका आखूड केली. फलकावर ‘रु.’ लिहिणं सोपं गेलं असतं, पण रक्कम मोठी झाली की तेवढी जागा परवडत नाही.

३० ऑगस्ट

फाइल ओळखीच्यांना वापरायला दिली. काय काय झालं ते :

एका बाईंनी दोसुतीच्या कापडावर भरतकामासाठी अक्षरं छापून नेली. एक पिक्सेल, एक फुली. कोपऱ्याला कोपरा लागला तरी टाक्याला फरक पडत नाही, त्यामुळे त्यांनी ब ची तिरकी रेघ परत आणली आणि ती तिथे शोभतेही. एका मंडळाने टी-शर्टवर नाव छापलं, मोठ्या आकारात, मस्त. कोणीतरी लग्नपत्रिका केली, पूर्ण मजकूर ठोकळ्यात. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ पासून आहेरापर्यंत. मुहूर्त शोधायला बोट लावावं लागत होतं.

हे जाड अक्षर चार-पाच शब्दांपुरतं. परिच्छेद त्यात लावू नये. ओळीओळींतून काळ्या शिरोरेघांचे पट्टे उठतात आणि डोळा पट्टे वाचू लागतो. छापून लावायचं तर मोठं लावावं, इतकं मोठं की पिक्सेल दिसलाच पाहिजे. अर्धवट आकारात तो धड ठोकळा दिसत नाही, धड गोलही दिसत नाही. आणि आडवा ताणू नये, फ्लेक्सवाल्यांनो.

१४ सप्टेंबर

एसआयएलच्या ओपन फॉन्ट परवान्याखाली खुला केला. तीन फाइली : २० ओळींचा, एलईडीचा १६ ओळींचा आणि पावतीचा. तिघांचं कूळ एक, पण मापं वेगळी, म्हणून त्यांना एका कुटुंबात ‘जाड’, ‘मध्यम’ अशी नावं दिली नाहीत. कुणी पडद्यावर एलईडीचा कट ‘हलका’ म्हणून वापरू लागला तर त्याला त्यातल्या दुहेरी फटी उगाच ढिल्या वाटतील. नावं सरळ कामाची ठेवली : ठोकळा पडदा, ठोकळा फलक, ठोकळा पावती.

बाकी कामं. ङ आणि ञ फलकाच्या कटमध्ये नाहीत. दूध संस्थेला लागत नाहीत, पण दुसरं कोणी मागेल. ‘म्हैस’ च्या दोन मात्रा १६ ओळींत एकेरी केल्यात, त्या दिवसा उन्हात फिक्या पडतात. वरची एक ओळ जास्त घेऊन पुन्हा काढायच्या. सरकत्या मजकुराचा वेग : एका वेळी एक ठिपका सरकवला तर उभ्या दुहेरी रेघा फराटल्यासारख्या दिसतात, दोन-दोन सरकवल्या तर ठसठशीत राहतात. त्याची नोंद वापराच्या कागदात घालायची आहे. शेजारच्या गावच्या संस्थेचा निरोप आलाय, त्यांना फलक दुरंगी हवाय, गाय हिरवी आणि म्हैस लाल. हिरव्या एलईडीचा प्रकाश किती सांडतो ते पॅनेल हातात आल्यावर मोजायचं, तोवर कट बदलायचा नाही.